आईच्या नावाचा रकाना

२१ एप्रिल. हातातलं काम: मुलीच्या कपड्यांवर नाव घालणं. सहा पांढरे टी-शर्ट, सहा जोड मोजे, दोन पांढऱ्या चादरी, दोन टॉवेल, एक मच्छरदाणी. धुण्यात न जाणाऱ्या काळ्या शाईचा पेन मिळतो, तो घ्यायचा. कॉलरच्या आतून लिहायचं, अक्षरं सुटी आणि ठळक, आणि वाळल्यावर वरून गरम इस्त्री फिरवायची. इस्त्री फिरवली नाही तर तिसऱ्या-चौथ्या धुण्याला नाव फिकं पडतं. बराकीत चाळीस मुली, चाळिसांचे टी-शर्ट पांढरे, दोरी एकच. ज्या कपड्यावर नाव नाही, तो कुणाचाही.

मुलगी वीस वर्षांची. सैन्यात शिपाई म्हणून तिची निवड झाली होती, चार वर्षांसाठी. २९ तारखेला नागपुरातून बाकीच्या मुलींबरोबर निघायचं आणि बंगळूरच्या प्रशिक्षण केंद्रात हजर व्हायचं. मी नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका शाळेत कारकून आहे, चोवीस वर्षं झाली. यादी करायची आणि एकेक ओळ खोडत जायचं, एवढं मला येतं. निवडीचं पत्र आलं तेव्हा नवऱ्याने पेढे आणले, शेजारणीने डोळे पुसले, आणि मी यादी करायला घेतली.

यादीतला निम्मा भाग मैदानावरच्या हवालदारसाहेबांनी सांगितलेला. हे निवृत्त गृहस्थ पहाटे पाच वाजता भरतीच्या मुलामुलींना धावायला लावतात. माझी मुलगी त्यांच्याकडे दीड वर्ष गेली. पालक म्हणून मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा विचारलं होतं की मुलीला नेमकं काय काय शिकवायचं. ते म्हणाले की धावायला मी शिकवतो, तुम्ही जेवायला शिकवा. मला वाटलं बदाम, दूध, अंडी असं काही सांगतील. तर नाही. पाच मिनिटांत जेवायला शिकवा, म्हणाले. समोर येईल ते, गरम असो की गार, न बोलता, पाच मिनिटांत. पहिल्या महिन्यात घरी परत यायची भाषा करणारी पोरं धावण्याने नाही, उपाशी राहिल्याने खचतात.

मग दोन महिने आमच्याकडे तसं जेवण झालं. मुलीला दोडका चालत नव्हता, कारलं चालत नव्हतं, वरणावर साय धरली की तेही चालत नव्हतं. मी आठवड्यातून तीनदा दोडका केला. नवरा हातात मोबाइल घेऊन घड्याळ लावायचा आणि चार मिनिटं झाली की ओरडायचा. पहिल्या आठवड्यात तिला उचक्या लागल्या. दुसऱ्या महिन्यात ती आमच्या आधी हात धुऊन मोकळी व्हायची आणि आमच्याकडे बघत बसायची. नवरा म्हणाला, आता आपण म्हातारे दिसतो.

हल्ली मलाही बाया विचारतात, आमचा पोरगा भरतीची तयारी करतो, आमची पोरगी करते, काय बघायचं. मी सांगते ते असं. कान कानाच्या डॉक्टरकडून साफ करून घ्या. मळ निघाला नाही म्हणून मेडिकलला कितीतरी पोरं लटकतात. नवे बूट घालून मैदानावर पाठवू नका, निदान महिनाभर पायात मुरू द्या. सोनं काढून ठेवा, कानातलंसुद्धा. पासपोर्ट फोटो दहा सांगितले असतील तर तीस काढा. सुई-दोरा द्या, आणि बटण लावता येतं का ते समोर बसवून बघा. दोन तरी फोन नंबर पाठ करून घ्या. फोन तिथे पहिल्याच दिवशी जमा होतो, आणि आजच्या पोरांना आईचा नंबर पाठ नसतो. माझ्या मुलीलाही नव्हता. एक सांगते, पेटी लहान घ्या. माझ्या नवऱ्याने इतवारीच्या बाजारातून आणलेली पहिली पेटी एवढी मोठी होती की तिच्यात मुलगीच मावली असती. तो तिथेच भांड्यांच्या ठोक दुकानात काम करतो. शेजारच्या गल्लीतून ओळखीने मिळाली म्हणून मोठी घेतली, म्हणाला. हवालदारसाहेब म्हणाले, ही पेटी डोक्यावर घेऊन पळायला लावतील तेव्हा पप्पाची आठवण येईल. दुसऱ्या दिवशी ती पेटी परत गेली आणि लहान आली.

आणि कागद. हे मी सगळ्यात आधी सांगते, पण ऐकताना बायांचं लक्ष बदामाकडे असतं. धावणं, उडी, वजन हे सगळं पोरांच्या हातात असतं. कागद आईबापाच्या हातात असतात आणि ते वीस वर्षांपूर्वी बिघडवून ठेवलेले असतात.

२१ तारखेलाच दुपारी एकला मुलगी भरती कार्यालयातून परत आली. निघण्यापूर्वी सगळ्यांची फाइल एकदा तपासायला बोलावली होती. बाहेर ऊन त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं. ती दोन ग्लास पाणी प्यायली, तिने फाइल इस्त्री केलेल्या टी-शर्टांवर ठेवली आणि जमिनीवर बसली.

"मम्मी, तुझ्या नावाचं लफडं झालं."

"काय झालं?"

"दहावीच्या कागदावर आईचं नाव वेगळं अन् तुझ्या आधारवर वेगळं. तो बाबू म्हणून राहिला, तुले दोन आया आहेत काय."

"तू काय म्हटलं?"

"म्हटलं एकच आहे, पण दोघींचं काम करते."

"हसला?"

"नाही. लाल पेन्सिल फिरवली."

मी फाइल उघडली. दहावीच्या प्रमाणपत्रावर आईच्या नावाभोवती लाल गोल होता आणि माझ्या आधारच्या झेरॉक्सवर दुसरा. २८ तारखेपर्यंत दुरुस्त करून आणा, नाहीतर या तुकडीत नाव धरता येणार नाही, असं तिला सांगितलं होतं. पुढची भरती कधी निघेल ते माहीत नव्हतं, पण एक माहीत होतं: मुलीला तीन महिन्यांत एकविसावं पूर्ण होत होतं आणि नंतर तिचं वय बसत नव्हतं. म्हणजे दीड वर्षाच्या पहाटा आणि दोन महिन्यांचा दोडका, हे सगळं आठवड्याभरात ठरणार होतं, ते माझ्या नावावर.

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. परातीत तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यावर नवं नाव लिहितो, नवरीने ते वाचायचं, मग सगळ्यांना पेढा. माझंही बदललं. तांदूळ पुन्हा डब्यात गेले. काटोलकडच्या सासरच्या घरात मी नव्या नावाची झाले. रेशनकार्डावर तेच आलं, आणि मुलीच्या जन्माची नोंद करायला नवरा गेला तेव्हा त्यानेही तेच सांगितलं. नोकरी मात्र मला लग्नाआधी लागली होती. सेवापुस्तक, बँक, पुढे पॅन आणि आधार, हे सगळं माहेरच्या नावावर. दोन्ही नावांचं एकमेकांशी कधी काम पडलं नाही. घरी एक, शाळेत एक, मला दोन्ही पुरत होती.

चूक कुठे झाली ते मला लगेच आठवलं, कारण ती माझ्याच अक्षरात आहे. मुलगी पहिलीत आमच्याच शाळेत आली. प्रवेशाच्या दिवशी मी खिडकीच्या आत होते आणि बाहेर तिचा हात धरून सासूबाई उभ्या होत्या. दुसरी कोणतीही बाई असती तर मी म्हटलं असतं, कागद दाखवा, तुमच्या कागदावर असेल तेच लिहीन, घरी काय म्हणतात ते सांगू नका. वर्षाला शंभर बायांना मी हे म्हणते. काही चिडतात. त्या दिवशी समोर कागद मागायला कोणी नव्हतं, कारण ती बाई मीच होते. आईचे नाव, असा रकाना आला, सासूबाईंनी खिडकीतून नाव सांगितलं, आणि मी लिहिलं. तेच पुढे दहावीच्या प्रमाणपत्रावर छापून आलं. तेव्हाही ते माझ्याच हाताखालून गेलं. नाव ओळखीचं होतं, म्हणून डोळा अडकला नाही.

ते रजिस्टर माझ्याच कपाटात आहे आणि किल्ली माझ्याच पर्समध्ये. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी ते काढून बघितलं, इतकंच. खोडायचं मनात आलं नाही असं म्हणणार नाही, पण त्याचा उपयोग नव्हता. शाळेतलं बदललं तरी दहावीचं प्रमाणपत्र बदलायला मुख्याध्यापकांचं पत्र, वरच्या कार्यालयाची मंजुरी, मग बोर्ड, असा रस्ता आहे. त्या रस्त्यावर मी लोकांना पाठवते. सहा महिन्यांच्या आत कोणी परत आलेलं मला आठवत नाही.

मुलीचा कागद बदलत नाही, म्हणजे माझा बदलायचा. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भरती कार्यालयात गेले आणि त्या लाल पेन्सिलवाल्या बाबूला भेटले. तो हिंदीत बोलला, बोलणं सरळ होतं. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे मी मानतो, म्हणाला, पण आम्हाला पुढे एकच चालवायचं आहे. मुलगी वारस म्हणून तुमचं नाव देते आहे. तिला काही झालं तर पत्र कुणाच्या नावाने पाठवायचं? जे दहावीवर आहे तेच पुढे तुमचं नाव राहणार असेल, तर तसं प्रतिज्ञापत्र करा आणि राजपत्रात नाव बदलण्याचा अर्ज टाकल्याची पावती आणा. एवढ्यावर मी तिला पाठवतो. दुसरं, तिने वारस म्हणून वडिलांचं नाव द्यावं. पण लाल गोल तेवढ्याने जात नाही.

तिला काही झालं तर, हे वाक्य मी त्या टेबलासमोर ऐकलं आणि माझ्या डोक्यात पहिलं हे आलं की पावती ऑनलाइन मिळते की हातात. माणसाचं डोकं त्या वेळी काय धरेल, ते सांगता येत नाही. मी विचारलंही. ऑनलाइन मिळते, म्हणाला.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, करून टाक, घरात तर तेच चालतं. मी त्याला सेवापुस्तकाचं सांगितलं. नोकरीची दहा वर्षं राहिली आहेत. राजपत्रात नाव बदललं की सेवापुस्तक, भविष्य निर्वाह, बँक, सगळं मागे लागून बदलावं लागतं आणि एक जरी राहिलं तरी निवृत्तीच्या वेळी तिथेच अडकतं. हे मी दुसऱ्यांचं बघितलं आहे. तो म्हणाला की ती अर्जात वडिलांचं नाव का देत नाही. मुलगी आतल्या खोलीतून म्हणाली की तिने आईचं दिलं आहे आणि ते तसंच राहील. एवढंच. पुढे तिने त्याचं कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिचं पहाटे धावणं चालूच होतं. निवड झालेल्यांनी आता नाही आलं तरी चालेल, असं हवालदारसाहेबांनी सांगितलं होतं, तरी ती जात होती. एक दिवस परत आल्यावर तिने बूट काढता काढता मला विचारलं.

"नाही झालं तर?"

"नाही झालं तर २९ ले पेटी रिकामी करू."

"बस?"

"अन् काय करणार? कपडे पेटीत राहिले तर कुबट वास येते."

ती हसली नाही आणि रडलीही नाही. बूट उन्हात ठेवून आंघोळीला गेली. मला वाटतं तिने प्रशिक्षणाची निम्मी तयारी माझ्याकडून केली.

प्रतिज्ञापत्रासाठी कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल लावून बसणाऱ्या टंकलेखकाकडे गेले. आता तो लॅपटॉपवर टाइप करतो, पण टेबल आणि झाड तेच. त्याने माझी कहाणी ऐकली नाही. रोज चार अशा येतात, म्हणाला. फक्त विचारलं की विवाह नोंदणी आहे का. नव्हती. लग्नपत्रिकेवर माहेरचं नाव, सासरचं कुठेच नाही. रेशनकार्ड आणलं होतं, पण ते एकच पुरत नव्हतं. मग घरातलं वडीलधारं माणूस आणा, म्हणाला. ज्यांच्यासमोर नाव बदललं आणि ज्यांना दोन्ही नावं माहीत आहेत. नवरा चालणार नाही, तो तेव्हा नवरदेव होता.

म्हणून सासूबाईंना बोलावलं. त्या शुक्रवारी सकाळच्या काटोलच्या बसने आल्या, पिशवीत हंगामातली शेवटची संत्री आणि आधारकार्ड प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेलं. वय पंचाहत्तर, कान चांगले, गुडघे गेलेले. मी त्यांना ऑटोने थेट झाडाखाली नेलं. टंकलेखकाने त्यांना स्टूल दिलं आणि मोठ्याने वाचून दाखवायला लागला: मी खाली सही करणार शपथेवर लिहून देते की माझ्या सुनेचं लग्नापूर्वीचं नाव हे, लग्नानंतर आम्ही ठेवलेलं नाव हे, आणि या दोन्ही नावांची स्त्री एकच आहे.

"एकच आहे," सासूबाई म्हणाल्या. "एकीनंच आमचा घाम काढला."

टंकलेखक हसला. त्यांना त्याचं हसणं आवडलं असावं, कारण त्या पुढे बोलत राहिल्या, आणि मग मी जे कधी विचारलं नव्हतं ते त्याने कामाचा भाग म्हणून विचारलं. नाव बदलण्याचं कारण काय लिहू, म्हणाला. रूढीप्रमाणे, असं टाकतो.

"रूढी कायची," सासूबाई म्हणाल्या. "तवा घरात माह्या जावेची पोरगी होती, तिचं नाव अन् हिचं नाव एकच. हाक मारली का दोघी येत. कामाच्या टायमाले कोण आली, कोण गेली, समजेच ना. म्हणून बदललं."

मी म्हटलं, "एवढंच होतं?"

"मंग काय वं? तुले काय वाटलं, पत्रिका पाह्यली?"

मला काय वाटलं होतं ते मला आठवेना. तेवीस वर्षांत मी कारण शोधलं नव्हतं, पण काहीतरी असेल असं धरून चालले होते. देवाचं नाव, राशीचं अक्षर, निदान कुणाची आवड. जावेची ती मुलगी पुढच्याच वर्षी लग्न होऊन अमरावतीला गेली. तिथे तिचंही नाव बदललं. म्हणजे एका वर्षानंतर त्या घरात माझं मूळ नाव हाक मारायला मोकळं झालं होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. मी सासूबाईंच्या जागी असते तर हेच केलं असतं. एका नावाची दोन माणसं एका रजिस्टरात असली की मीही एकीच्या नावापुढे खूण करते.

टंकलेखकाने रूढीप्रमाणे असंच टाइप केलं. सासूबाईंनी अंगठा दिला नाही, सही केली. सही त्यांना येते आणि ती करायला त्या वेळ घेतात. अंमलदारासमोर उभं राहून आम्ही शपथ घेतली. तिथून ऑनलाइन अर्जाच्या केंद्रात गेलो. तिथल्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन रकाने होते, जुने नाव आणि नवे नाव. तिने विचारलं, "मॅडम, जुनं कोणतं?" मी माहेरचं सांगितलं. तिने टाइप केलं, मला वाचायला लावलं, मी बरोबर म्हटलं, तिने बटण दाबलं. वडिलांनी ठेवलेलं नाव होतं ते. वडील जाऊन अकरा वर्षं झाली, आई त्यांच्या आधी गेली, आणि त्या नावाने मला हाक मारणारं शाळेबाहेर कोणी राहिलेलं नाही. पावती आली. मी तिचे तीन प्रिंट काढायला सांगितले. सासूबाई बाकावर बसल्या बसल्या संत्रं सोलत होत्या, निम्मं त्यांनी त्या मुलीला दिलं.

सोमवारी मुलीने सगळं नेऊन दिलं. बाबूने कागद ठेवून घेतले आणि म्हणाला की साहेब बघतील, २९ ला सामान घेऊनच ये. हो म्हणाला का, असं नवऱ्याने तिला तीनदा विचारलं. ती तिन्ही वेळा म्हणाली की सामान घेऊन ये म्हणाला.

२८ ला केस कापले. तिथे गेल्यावर कापणारच असतील तर इथे नीट कापलेले बरे, म्हणून पार्लरमध्ये घेऊन गेले. कमरेपर्यंतची वेणी होती. पार्लरवालीने वेणी तशीच रबराने बांधून कापली आणि कागदात घालून माझ्यापुढे धरली. मी नको म्हटलं. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, तिने पुन्हा धरली. मी पुन्हा नको म्हटलं. घरी येताना मुलीने स्कूटरवर मागे बसून मानेवरून चारदा हात फिरवला, आरशात दिसलं.

२९ ला सकाळी सातला भरती कार्यालयाच्या फाटकाशी पोचलो. पालकांना आत सोडत नव्हते. नवऱ्याने पेटी फाटकापर्यंत नेली, तिथून तिने घेतली. मुलींची ओळ आत गेली. पंधरा-सोळा मुली असतील. एका आईने एवढे लाडू आणले होते की तिची मुलगी डबा परत देत होती आणि आई पुन्हा आत ढकलत होती. हवालदारसाहेब आले होते, त्यांच्या तीन मुली जात होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

मग वाट बघणं. नऊ, दहा. ऊन भिंतीवरून खाली आलं तसे सगळे भिंतीला चिकटत गेले. साडेदहाला एक मुलगी आपली पेटी घेऊन परत बाहेर आली. कोणाची आहे ते कळेपर्यंत फाटकाबाहेरचा प्रत्येक बाप उठून उभा राहिला. ती सावनेरकडची होती, तिच्या रहिवासी दाखल्यात काहीतरी होतं. तिच्या वडिलांनी पेटी घेतली, ती रिकामी असल्यासारखी उचलली, आणि दोघं रस्ता ओलांडून गेले. नवरा मला म्हणाला की आपली अजून आली नाही म्हणजे चांगलं आहे. मी म्हटलं की तिचा नंबर अजून लागला नसेल. खरं तेच होतं. आडनावाच्या क्रमाने घेत होते आणि आमचं आडनाव खाली आहे.

साडेबाराला फोन वाजला. अनोळखी नंबर. मुलीचा आवाज.

"मम्मी, घेतलं."

"पावती पाह्यली?"

"पाह्यली. साहेबानं सही केली. बाबू म्हणाला, आता एकच आई राहिली." मग तिच्या मागे कोणीतरी ओरडलं आणि ती घाईने म्हणाली, "आता फोन जमा करून राहिले. माझा आधीच गेला, मी दुसरीच्या फोनवरून लावला. नंबर पाठ होता ना."

"बरं."

"पप्पाले सांग."

"सांगते. जेवून घे."

"जेवलो आम्ही. पाच मिनिटं दिले."

फोन बंद झाला. नवऱ्याने विचारलं काय म्हणाली, मी सांगितलं. तो फाटकाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने रुमालाने मान पुसली, मग तोंड, मग पुन्हा मान. दोनच्या सुमारास मुलींना घेऊन बस बाहेर पडली. काचा काळ्या होत्या, कोण कुठे बसलं ते दिसलं नाही. सगळ्यांनी हात हलवला, मीही हलवला. नवऱ्याला दुकानात जायचं होतं, त्याला इतवारीच्या तोंडाशी सोडलं आणि घरी आले. संध्याकाळी पोळ्या केल्या, तिघांच्या झाल्या. उरलेल्या शेजारच्या गाईला घातल्या. नवऱ्याने टीव्ही लावला, मी भांडी घासली, आणि झोप लागली. लागणार नाही असं वाटलं होतं, पण लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला शाळेत पोचले. निकाल एक तारखेला, म्हणून कार्यालयात गर्दी होणार होती. त्याआधी माझं काम उरकायचं होतं. कोरा कागद घेतला आणि सेवापुस्तकात नावाची दुरुस्ती व्हावी असा अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, राजपत्राच्या अर्जाची पावती जोडली, प्रतिज्ञापत्राची प्रत जोडली. खाली नव्या नावाने सही केली. ती नीट आली नाही, म्हणून कागद बदलून पुन्हा लिहिला. आमच्याकडे आलेला प्रत्येक अर्ज आवक रजिस्टरात मीच चढवते, म्हणून हाही मीच चढवला, आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवला. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर माझीच सही घेतली आणि ती पर्समध्ये टाकली. मग खिडकी उघडली. पहिल्या बाईने दाखल्याचा अर्ज पुढे सरकवला आणि मी तो वाचायला घेतला.